मातीतले माइट्स: नरसाळ्यातून फार थोडे निघतात, आणि निघतात ते ओळखायचे कसे?

पाचोळा_पाहणी

नमस्कार. पानझडी जंगलातल्या मातीतल्या माइट्सची (कोळ्यांच्या नात्यातले सूक्ष्म प्राणी) वर्षभर, दर महिन्याला नोंद ठेवायची आहे. सध्याची मांडणी अशी: ५ सेंमी व्यासाच्या नळीने १० सेंमी खोल मातीचा गाभा काढायचा, नरसाळ्यातल्या २ मिमी जाळीवर तो फोडून पसरायचा, वर ९ वॉटचा एलईडी दिवा, खाली ७० टक्के इथेनॉलची बाटली, ४८ तास. एका गाभ्यातून सरासरी १३ माइट्स मिळतात. जवळपास सगळे गडद तपकिरी, टणक, चकचकीत. सोबत बाटलीत बरीच माती.

अडचणी तीन. आकडा एवढा कमी कसा? स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली सगळे सारखेच ठिपके दिसतात, त्यांचे गट पाडायला सुरुवात कुठून करायची? आणि पारदर्शक करायला लॅक्टिक ॲसिडमध्ये टाकल्यावर काही माइट्सच्या पोटात काळा बुडबुडा राहतो, काही चपटे होतात. अशा नमुन्यावर ओळख-किल्ली (खुणांवरून पायरीपायरीने नावापर्यंत नेणारा तक्ता) चालत नाही. प्रजातीचं नाव लागलं नाही तर नोंदीत काय लिहावं हेही कळत नाहीये.

नरसाळं

आधी आकड्याचं बघू. ५ सेंमी व्यास म्हणजे १९.६ चौरस सेंमी, तेव्हा एका गाभ्यातली संख्या गुणिले ५०९ केली की दर चौरस मीटरची संख्या मिळते. तुमचे १३ म्हणजे सुमारे ६,६००. पाचोळा साठलेल्या जंगलात ही संख्या बहुधा दहा-दहा हजारांच्या पटीत असते, कधी लाखाच्याही वर. माती रिकामी नाही. बरेचसे माइट्स अजून गाभ्यातच आहेत, आणि जे खाली आलेत त्यातले फिकट तुमच्या नजरेतून सुटताहेत.

पहिला दोष दिव्याचा. बर्लेसी यांनी १९०५ मध्ये नरसाळं वापरलं तेव्हा त्याला गरम पाण्याचं आवरण होतं, तुल्ग्रेन यांनी १९१८ मध्ये त्या जागी विजेचा दिवा आणला. दोन्हींत काम उष्णतेचं आणि कोरडेपणाचंच. उजेडाने काही प्राणी हलतात, पण माइट्सना खाली ढकलतो तो वरून खाली सरकत येणारा कोरडेपणा. एलईडी उजेड देतो, माती सुकवत नाही. तारेचा २५ वॉटचा दिवा मातीपासून २० सेंमीवर लावा आणि शक्य असेल तर डिमरवर घ्या. पहिले दोन दिवस अगदी मंद, मग रोज थोडा वाढवत शेवटच्या दिवशी पूर्ण. मातीच्या वरच्या पृष्ठाचं तापमान शेवटी ४० अंशांच्या आसपास जायला हवं आणि खालचं टोक तोवर थंड, ओलसर राहायला हवं. एकदम जोरात तापवलंत तर मऊ कातडीचे माइट्स आणि निम्फ (आठ पायांची पिल्लं) वाटेतच सुकून मरतात, आणि ही चूक मोजणीत कुठेच दिसत नाही. काढणी पूर्ण व्हायला ७ दिवस धरा. ४८ तासांत आतला ओलावा हलतसुद्धा नाही.

दुसरा दोष गाभा फोडण्याचा. ०.३ मिमीचा प्राणी मातीत बीळ करत नाही, आहे त्या पोकळ्यांतून चालतो. गाभा फोडला की त्या वाटा मोडतात आणि माती बाटलीत पडते. तुम्हाला मिळालेल्या टणक माइट्सपैकी बरेचसे चालत आलेलेच नसतील, मातीबरोबर पडलेले असतील. गाभा अखंड ठेवा आणि उलटा ठेवा, पाचोळ्याची बाजू खाली. वरच्या थरातल्या पोकळ्या मोठ्या असतात, बाहेर पडायची वाट तिकडून सोपी. १० सेंमीचा गाभा एका तुकड्यात वापरू नका, खूप जाड होतो. ० ते ५ आणि ५ ते १० असे दोन तुकडे दोन नरसाळ्यांत लावा. यातून कोण किती खोल राहतो तेही कळतं.

गाभा आणि नरसाळ्याची भिंत यांत बोटभर जागा मोकळी ठेवा. भिंतीवर बाष्प साचलं तर माइट्स त्या थेंबांत चिकटून राहतात. गाभा जाळीवर ठेवल्यावर दहा मिनिटं खाली रिकामी बशी ठेवा, सुटी माती तिच्यात पडू द्या, मगच बाटली लावा. मात्र बशीतली माती फेकू नका, तीही तपासा.

बाटलीतल्या द्रवाचंही एक आहे. नरसाळ्याच्या तोंडाशी घट्ट बसवलेल्या बाटलीतून इथेनॉलची वाफ वर चढते, गाभ्याच्या खालच्या बाजूला साचते आणि माइट्स मागे फिरतात. पाण्यात निम्मं मिसळलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल ठेवलं तर वाफेचा प्रश्न राहत नाही. आठवड्याने ५० मायक्रॉनच्या जाळीवर गाळून, पाण्याने धुऊन ८० टक्के इथेनॉलमध्ये घ्या. जाळी १०० मायक्रॉनची घेतलीत तर लहान लार्व्हा (पहिल्या अवस्थेतली पिल्लं) आणि टार्सोनेमिडसारखे अरुंद माइट्स पाण्याबरोबर जातील.

गाभा काढताना नळी ठोकू नका, दाबत फिरवत घाला, नाहीतर माती दबून पोकळ्या मिटतात. आणल्यावर ५ अंशांच्या आसपास ठेवून दोन-तीन दिवसांत नरसाळ्यावर चढवा. उबेत पिशवी पडून राहिली तर बुरशी धरते, बुरशीवर ॲस्टिग्माटा गटातले मऊ, फिकट माइट्स वाढतात, आणि जंगलात नसलेली संख्या नोंदीत येते.

अष्टपाद

गट पाडायला पृष्ठभागापासून सुरुवात करा. पांढऱ्या तळाच्या बशीत पांढरा, ०.२ मिमीचा माइट दिसत नाही. खाली काळा कागद ठेवून एकदा आणि पांढरा ठेवून एकदा, अशी प्रत्येक बशी दोनदा बघा. तळाला ५ मिमीच्या चौकटी आखा आणि ओळीने जा, ४० पटीने. द्रवाचा वरचा पडदाही बघा. काही ऑरिबॅटिडच्या (टणक, बहुधा गडद माइट्सचा गट) अंगावर मेणासारखा थर असतो, त्यात हवा धरून ते तरंगत राहतात आणि बशी ओतताना काठाला चिकटून जातात.

मग चार ढीग.

मेसोस्टिग्माटा: सहसा गव्हाळ-तपकिरी, पाय लांब, शरीर ढालीसारख्या पट्ट्यांनी झाकलेलं. कुशीला, तिसऱ्या-चौथ्या पायाच्या बुडाशी श्वसनछिद्र आणि तिथून पुढे जाणारी बारीक नळीसारखी पेरिट्रीम. तोंडाच्या बुडाशी, पोटाकडून, दोन फाटे असलेला अवयव, ट्रायटोस्टर्नम. कासवासारखे गोल, पाय खोबणीत मिटणारे युरोपॉडिना याच गटातले. ते हमखास ऑरिबॅटिडच्या ढिगात जातात, तेव्हा प्रत्येक गोल तपकिरी माइट उलटा करून बघा.

ऑरिबॅटिडा: प्रौढ टणक आणि बहुधा गडद. शरीराच्या पुढच्या भागावर, प्रोडॉर्समवर, मागच्या बाजूला दोन वाट्या, बोथ्रिडिया. प्रत्येक वाटीतून निघालेला एक विशेष रोम, सेन्सिलस: गदेसारखा, कंगव्यासारखा, चातीसारखा किंवा नुसता धाग्यासारखा.

प्रोस्टिग्माटा: यात सगळ्यात जास्त विविधता. लांब सोंडेचे लालसर डेलिड, पांढुरके चपळ ऱ्हॅगिडिड, मखमली लाल ट्रॉम्बिडिड, आणि सहज नजर चुकवणारे स्क्युटॅकॅरिड व पिग्मेफोरिड. श्वसनछिद्र असेल तर जबड्यांच्या आसपास. यांतल्या काहींनाही बोथ्रिडियासारख्या वाट्या असतात, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका, जबडे आणि पॅल्प (तोंडाशेजारचे पायासारखे स्पर्शक) बघा.

ॲस्टिग्माटा: फिकट, मऊ, बोथ्रिडिया नाहीत, श्वसनछिद्र नाही. वंशावळीच्या अभ्यासानुसार हा गट आता ऑरिबॅटिडाच्या आतच मोडतो, पण मोजणीत त्याचा रकाना वेगळाच ठेवा. त्यांचं जगणं वेगळं आहे आणि जुन्या आकडेवारीशी तुलना करता आली पाहिजे.

शंका राहिली तर ध्रुवीकरणाची दोन पटलं वापरा. एक दिव्यावर, एक नमुन्याच्या वर, आणि वरचं फिरवत क्षेत्र काळं करा. ऑरिबॅटिडा, प्रोस्टिग्माटा आणि ॲस्टिग्माटा यांचे रोम काळ्यात चकाकतात, मेसोस्टिग्माटाचे चकाकत नाहीत. रोमांच्या गाभ्यातल्या द्रव्याचा हा गुण स्फटिकशास्त्रातून माइट्सकडे वळलेल्या फ्रान्स्वा ग्राँजाँ यांनी १९३० च्या दशकात ओळखला, आणि दोन महागटांची विभागणी त्यावर उभी राहिली. पायांवरचे सोलेनिडिया, म्हणजे पोकळ संवेदी रोमासारखे अवयव, त्याच माइटवर असूनही काळेच राहतात. सोलेनिडिया आणि साधे रोम मोजताना जी गल्लत होते ती इथे पाच मिनिटांत सुटते. नमुना काचेवरच ठेवा. प्लास्टिकची बशी स्वतःच रंगीत चमकते आणि काही कळत नाही.

पाचोळा_पाहणी

खूप उपयोग झाला. आधीच्याच बाटल्या काळ्या कागदावर पुन्हा पाहिल्या, फिकट माइट्स खरोखरच होते. पण आता नवा घोळ: बरेच पांढरे, मऊ, आठ पायांचे आहेत, त्यांना सेन्सिलस दिसत नाही. हे सगळे ॲस्टिग्माटाच धरायचे का?

अष्टपाद

नाही, अजिबात धरू नका. नोंदींमध्ये सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात. मातीतले पांढरे, मऊ, आठ पायांचे माइट्स बहुतेक वेळा ऑरिबॅटिडची पिल्लं असतात. सेन्सिलस ब्रश लागूनही गळतो. वाटी गळत नाही. नमुना लॅक्टिक ॲसिडमध्ये स्वच्छ करून ४०० पटीने प्रोडॉर्समच्या मागच्या कोपऱ्यांत बघा. काचेच्या बांगडीसारखं गोल तोंड आणि आत वळलेली नळी दिसली की तो ऑरिबॅटिड. अपवाद आहे: मॅलॅकोनोथ्रिडी या ओल्या जागांतल्या कुळात बोथ्रिडियाच नसतात. शेवाळातले किंवा पाणथळ जागेतले नमुने असतील तर हे लक्षात ठेवा.

पिल्लाची अवस्थाही तिथल्या तिथे लिहून टाका, कारण ती मोजून ठरते, अंदाजाने नाही. जननछिद्राच्या झडपांखाली बोटांसारखे पारदर्शक जननांकुर असतात. लार्व्हाला सहा पाय, अंकुर नाहीत. प्रोटोनिम्फला अंकुरांची १ जोडी, ड्यूटोनिम्फला २, ट्रायटोनिम्फला ३, प्रौढालाही ३. प्रौढ ॲस्टिग्माटाला मात्र २ जोड्या. म्हणजे वाटीबद्दल शंका असली तरी अंकुरांच्या ३ जोड्या दिसल्या की ॲस्टिग्माटा बाद.

पिल्लू कोणत्या प्रौढाचं हे बहुधा रूपावरून सांगता येत नाही. एकाच प्रजातीचं पिल्लू आणि प्रौढ इतके वेगळे दिसतात की पूर्वी त्यांना वेगळ्या वंशांची नावं पडली होती. पण बाटलीत कधी कधी कात टाकायच्या बेतातला ट्रायटोनिम्फ सापडतो. त्याच्या पांढऱ्या कातडीच्या आत प्रौढाचा सेन्सिलस आणि नख्या घडी घातल्यासारख्या दिसतात. असा एक नमुना पंधरा सुट्या पिल्लांपेक्षा मोलाचा, त्याला वेगळी बाटली द्या. काही गटांत निम्फ आधीच्या काती पाठीवर एकावर एक बाळगतात, त्यातूनही जोडणी लागते.

काचपट्टी

बुडबुडा आणि चपटेपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत.

बुडबुडा बहुधा शरीरात राहिलेल्या हवेचा, टणक ऑरिबॅटिडमध्ये जास्त. माइट आधी ९५ टक्के इथेनॉलमध्ये एक दिवस ठेवा, ते आत शिरतं. तरीही राहिला तर प्रोडॉर्सम आणि नोटोगॅस्टर (पाठीची ढाल) यांच्या सांध्यात सर्वांत बारीक कीटक-सुईने एक टोचणी द्या आणि लॅक्टिक ॲसिडमध्ये ५० अंशांवर ठेवा. दिव्याच्या ज्योतीवर उकळू नका. आतलं इथेनॉल फसफसून पाठीची ढाल उचलली जाते, पाय तुटतात.

चपटे होतात ते मऊ माइट्स. इथेनॉलमधून थेट ८५ टक्के लॅक्टिक ॲसिडमध्ये टाकले की आतलं पाणी झपाट्याने बाहेर येतं. आधी निम्मं ॲसिड, निम्मं पाणी अशा मिश्रणात एक दिवस, मग पूर्ण ॲसिडमध्ये. फिकट, लहान माइट काही तासांत किंवा एका दिवसात स्वच्छ होतो, गडद गॅलुम्ना किंवा डॅमियस या ऑरिबॅटिडना आठवडा ते दोन आठवडे लागू शकतात. रोज बघायचं. रोम दिसू लागले, आतड्यातला गोळा फिकटला की थांबवा. जास्त ठेवलं तर नमुना इतका पारदर्शक होतो की कडाच दिसत नाहीत. म्हणून कायमची साठवण लॅक्टिक ॲसिडमध्ये कधीच नको. पाहून झालं की पाण्यात धुऊन परत ८० टक्के इथेनॉलमध्ये.

बघताना ऑरिबॅटिड सपाट स्लाइडवर दाबू नका. तो डब्यासारखा प्राणी आहे, त्याला उलटसुलट फिरवूनच वाचावं लागतं. खोलगट स्लाइड घ्या, खळग्यात लॅक्टिक ॲसिडचा थेंब, त्यात माइट, आणि कव्हरस्लिप अशी ठेवा की खळग्याचा अर्धाच भाग झाकला जाईल. माइट काचेच्या काठाखाली, जिथे खळगा उथळ होत जातो तिथे ढकला. तो तिथे हलकेच अडकतो. आता उघड्या बाजूने सुई घालून किंवा कव्हरस्लिप केसभर सरकवून त्याला गोल फिरवता येतं. पाठ, पोट, कूस, पुन्हा पाठ. पोट बघताना पाय आड येतात, तेव्हा एका बाजूचे पाय काढून त्याच बाटलीत ठेवा, दुसऱ्या बाजूचे अंगावरच राहू द्या.

रोमगणना

वरचं ऑरिबॅटिडपुरतं पूर्ण पटतं. पण मेसोस्टिग्माटा आणि प्रोस्टिग्माटासाठी खोलगट स्लाइडवर थांबू नये. त्यांची ओळख पाठीच्या ढालीवरचे रोम, जबड्यांचे दात, पॅल्पच्या शेवटच्या पेऱ्यावरची फाटलेली नखी यांवर ठरते. यांतलं बरंच काही नमुना चपटा आणि स्थिर असल्याशिवाय मोजता येत नाही. हॉयरचं माध्यम लागतं: ५० मिली शुद्ध पाणी, ३० ग्रॅम बाभळीच्या जातीचा स्वच्छ डिंक, २०० ग्रॅम क्लोरल हायड्रेट, २० मिली ग्लिसरीन, याच क्रमाने, न तापवता. डिंक पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचं घालू नका, मग काचेच्या लोकरीतून गाळा. क्लोरल हायड्रेट अनेक देशांत नियंत्रित आहे आणि विषारीही, त्यामुळे ते परवान्यानेच आणि धूरकपाटातच हाताळायचं.

माइट पोट वर किंवा पाठ वर, कोणतीही बाजू चालेल, पण एका प्रजातीचे दोन्ही तऱ्हेचे नमुने ठेवा. थेंब कव्हरस्लिपच्या कडांपर्यंत जेमतेम पोचेल एवढाच. ४५ ते ५० अंशांवर दोन आठवडे सुकवा आणि त्यानंतरच कडेला लाखेसारखा सील द्या. घाईने सील केलं तर आतलं पाणी अडकतं. सीलच केलं नाही तर माध्यम काही वर्षांनी सुकून स्फटिकं धरतं आणि नमुना त्याखाली जातो.

मेसोस्टिग्माटाच्या बहुतेक किल्ल्या प्रौढ मादीवर बेतलेल्या असतात. मादीला पायांच्या मधोमध स्वतंत्र जननपट असतो. नराचं छिद्र बहुधा छातीच्या पटाच्या पुढच्या काठाशी असतं आणि अनेक कुळांत जबड्याच्या हलत्या बोटाला स्पर्मॅटोडॅक्टिल नावाची पुरवणी असते. ड्यूटोनिम्फला जननछिद्रच नसतं. नर किंवा ड्यूटोनिम्फ घेऊन मादीच्या किल्लीत शिरलात तर किल्ली शेवटी कोणतं तरी नाव हातात देईलच. किल्लीचा हा स्वभाव कायम लक्षात ठेवा: ती ‘यादीत नाही’ असं कधी म्हणत नाही. एका खंडासाठी लिहिलेल्या किल्लीत दुसऱ्या खंडातला माइट घातला तरी नाव निघतंच.

म्हणून नाव निघाल्यावर काम संपत नाही, तिथून पडताळणी सुरू होते. मूळ वर्णन काढा, मोजमाप जुळतं का बघा. लांबी कुशीवरून मोजायची, प्रोडॉर्समच्या टोकापासून नोटोगॅस्टरच्या मागच्या कडेपर्यंत. पाठीवरून मोजली तर माइट जरा कलला तरी लांबी कमी भरते. रुंदी मात्र पाठीवरून, सर्वांत रुंद जागी. किमान ५ प्रौढ मोजा आणि मर्यादा लिहा, एकटी सरासरी नको. आयपीसमधली मोजपट्टी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला स्टेज मायक्रोमीटरवर स्वतंत्रपणे जुळवा.

नोंदीत नावाशी प्रामाणिक राहा. कूळ नक्की, वंश नक्की, प्रजाती नाही, तर वंशाचं नाव आणि तुमचा प्रकार-क्रमांक एवढंच. वर्णनाशी बरंच जुळतं पण एक-दोन खुणा तपासता आल्या नाहीत, तर ‘सीएफ’ लावा. त्या प्रजातीच्या जवळचा पण वेगळा वाटतो, तर ‘ॲफ’. या दोन्हींत फरक आहे, अदलाबदल करू नका. नावं रोमन लिपीतच लिहा, उच्चारावरून परत शुद्धलेखन लावता येत नाही.

प्रत्येक प्रकार-क्रमांकाला अर्धं पान द्या: लांबी-रुंदीच्या मर्यादा, सेन्सिलसचा आकार, नोटोगॅस्टरवर रोमांच्या किती जोड्या, नख्या एक, दोन की तीन, कोणता नमुना कोणत्या बाटलीत, कोणती किल्ली वापरली आणि शंका नेमकी कोणत्या खुणेवर आहे. शेवटची ओळ टाळू नका. पुढे बघणाऱ्याला तिचाच सर्वांत जास्त उपयोग.

अष्टपाद

ऑरिबॅटिडपुरतं कुळापर्यंत पोचायचा रस्ता जोडतो, कारण तुमचे नव्वद टक्के प्रश्न तिथेच येणार.

आधी बघा, प्रोडॉर्सम चाकूच्या पात्यासारखा पोटाकडे मिटतो का. मिटत असेल तर तो पेटी-माइट. फ्थिराकारॉइडियात पोटावरचे जननपट आणि गुदपट रुंद, युफ्थिराकारॉइडियात अरुंद आणि लांब. मिटलेल्या पेटीत पाय आत असतात, सुईने उघडल्याशिवाय काही वाचता येत नाही.

मिटत नसेल तर पोट बघा. जननपट आणि गुदपट मोठे, एकमेकांना जवळपास चिकटलेले आणि मिळून पोटाचा बराच भाग व्यापणारे, तर नोथ्रससारखे आदिम गट. जननपट लहान, गोलसर आणि गुदपटापासून दूर, मध्ये अखंड ढाल, तर ब्रॅकिपायलिना. बहुसंख्य प्रौढ इथे येतात.

त्यात पुढे नोटोगॅस्टरच्या खांद्यांशी पंखासारखे टेरोमॉर्फ आहेत का? कानासारखे मोठे, बिजागरीवर हलणारे असतील तर गॅलुम्निडी. लहान आणि न हलणारे असतील तर शेलोरिबेट्सकडे जा. टेरोमॉर्फ असलेल्यांत पाठीवरची छिद्रक्षेत्रं नीट पाहावी लागतात. गॅलुम्नामध्ये ती सपाट, बारीक ठिपक्यांचे डाग, शेलोरिबेट्समध्ये आत वळलेल्या पिशव्या, ४ जोड्या. डाग की पिशवी हे ठरवायला फोकस हळूहळू खाली न्या. डाग एका पातळीवर दिसून नाहीसा होतो, पिशवी खाली खाली जात राहते आणि तिचं तोंड टाचणीच्या टोकाएवढं दिसतं. १००० पटीने, तेलातून. यापेक्षा कमी मोठेपणावर ‘पिशवी’ लिहू नका.

टेरोमॉर्फ नाहीत, शरीर ०.२ ते ०.४ मिमी, फिकट तपकिरी, एकच नखी, सेन्सिलस कंगव्यासारखा किंवा चातीसारखा: बहुधा ऑपिडी. जगभर सापडणारा ऑपिएला नोव्हा याच कुळातला, आणि त्याच्यासारखे दिसणारेही याच कुळात पुष्कळ. या कुळात घाई करू नका, वंशावर थांबलेली नोंद इथे सन्मानाची आहे.

रोम मोजताना रोम नव्हे, त्यांची बुडं मोजा. रोम तुटतो, भोक राहतं. डावी-उजवी बाजू वेगवेगळी मोजून दोन्ही आकडे लिहा, एका बाजूला एखादा रोम कमी असणं माइट्समध्ये नेहमीचं आहे.

पाचोळा_पाहणी

हे सगळं छापून मायक्रोस्कोपजवळ लावतो. शेवटचे दोन प्रश्न. मोजणीच्या तक्त्यात पिल्लं कुठे लिहायची? आणि डीएनएसाठी वेगळे नमुने ठेवायचे का?

रोमगणना

पिल्लांना वेगळी ओळ, अवस्थेनुसार: ‘ऑरिबॅटिडा, ड्यूटोनिम्फ, ७’. एकूण संख्येत धरा, प्रजातींच्या संख्येत धरू नका. प्रौढांच्या प्रमाणात पिल्लं वाटून टाकायची पद्धत दिसते, ती वापरू नका, कारण प्रत्येक प्रजातीची पिल्लं वेगवेगळ्या महिन्यांत येतात. रिकामा गाभा निघाला तरी शून्य लिहून ठेवा. अंडी आणि कात टाकताना स्तब्ध असलेले माइट्स नरसाळ्यातून येतच नाहीत, हेही पद्धतीच्या रकान्यात नमूद करा.

ओळी डार्विन कोअर या जैवविविधता-नोंदींच्या मानक साच्यातल्या रकान्यांप्रमाणे लावल्यात तर पुढे जीबीआयएफ या जागतिक नोंदसाठ्यावर देणं सोपं: तारीख, अक्षांश-रेखांश दशांशांत आणि त्यातली मीटरची अनिश्चितता, खोलीची वरची व खालची मर्यादा, नमुना क्षेत्र, काढणीची पद्धत व दिवस, संख्या, अवस्था, लिंग, नाव, नावापुढची शंका, ओळखणारा, ओळखल्याची तारीख. ही शेवटची तारीख गोळा केल्याच्या तारखेपेक्षा वेगळी असते आणि नाव बदललं की ती बदलते. जुनं नाव खोडू नका, खाली नवी ओळ घाला.

काचपट्टी

डीएनएसाठी त्याच जागचा वेगळा गाभा काढा, त्यातले माइट्स थेट ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये, नंतर उणे २० अंशांवर. लॅक्टिक ॲसिडमधून गेलेला माइट यासाठी धरू नका. ऊती विरघळवून कवच शाबूत ठेवणारी पद्धत निवडा, म्हणजे क्रम मिळाल्यावर तेच कवच स्लाइडवर जातं आणि नाव पुन्हा तपासता येतं. सीओआय या जनुकासाठीचे नेहमीचे प्रायमर (क्रम काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) ऑरिबॅटिडमध्ये बऱ्याचदा चालत नाहीत. २८ एस या जनुकाचा डी३ भाग सहज मिळतो, पण जवळच्या प्रजाती तो वेगळ्या करेलच असं नाही.

आणि बाटलीचं लेबल आत टाका, बाहेर नको. जाड, चिंधीच्या लगद्याचा कागद, पेन्सिल किंवा पाण्यात-इथेनॉलमध्ये न विरघळणारी काळी शाई. लेसर प्रिंटरची अक्षरं इथेनॉलमध्ये काही काळाने सुटून तळाशी पडतात. लहान बाटली कापसाच्या बोळ्याने बंद करून मोठ्या बरणीत उलटी ठेवा, बरणी इथेनॉलने भरलेली. बाटलीतलं इथेनॉल उडालं तर बरणीतलं आत येतं. कापूस आणि माइट यांच्यामध्ये लेबल येऊ द्या, नाहीतर नख्या तंतूंत अडकतात आणि बोळा काढताना माइट त्याच्याबरोबर निघून जातो.